निरोप समारंभ, वर्गणी आणि बाईंना आलेली पत्रं

जानेवारी संपत आला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम बदलतात. एरवी अभ्यास होत नाही, मोबाईल सुटत नाही, आई ओरडते असं सगळं असतं, आणि मग अचानक दहावीच्या वर्गांना कळतं की अरे, शाळा संपली की आपली. यावेळी तर बहुतेक सगळी पत्रं एकाच गोष्टीची आहेत, शाळेतल्या माणसांना थँक्यू कसं म्हणायचं. मी स्वतः 29 वर्षं हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवला त्यामुळे ही पत्रं वाचताना मला जरा जास्तच भरून येतं, सांभाळून घ्या. सगळी छापणं शक्य नाही, 6 निवडलीयत.

प्रश्न : बाई, आमचा निरोप समारंभ 10 दिवसांवर आलाय. वर्गात 62 मुलं आहेत, प्रत्येकी 150 रुपये काढून सगळ्या सर-मॅडमना भिंतीवरची घड्याळं आणि शाळेला एक डायस द्यायचं ठरलंय. पण 9 जणांनी अजून पैसे दिले नाहीत आणि आता त्यातल्या दोघी समारंभालाच येणार नाही म्हणतायत. भाषण मला करायचंय, दरवर्षी सगळे तेच श्लोक आणि तेच शब्द बोलतात, मला तसं नको आहे पण दुसरं काय बोलू तेही सुचत नाहीये.
- दहावी अ मधली मुलगी, जिल्हा सातारा

उत्तर : बाळा, सगळ्यात आधी आजच्या आज ती वर्गणी थांबव. जमलेले पैसे ज्याचे त्याला परत द्या आणि त्या दोघींच्या घरी तू स्वतः जा, फोन नको, जाऊन सांग की वर्गणी रद्द झालीय, तू ये. ज्या शाळेने पाचवीपासून सगळ्यांना एका बाकावर बसवलं त्या शाळेला निरोप देताना 150 रुपयांवरून दोन मुली घरी बसणार असतील तर त्या घड्याळाकडे बघून कुठल्या सरांना बरं वाटेल? तुमच्या वर्गशिक्षकांना हे कळलं तर त्यांनी स्वतःच बंद केलं असतं, खात्रीने सांगते.

मग द्यायचं काय? कागद द्यायचा. 62 जणांनी प्रत्येकी एका शिक्षकाला एक पत्र लिहायचं, वहीच्या पानावर, स्वतःच्या अक्षरात. कुणी कुणाला लिहायचं ते वाटून घ्या म्हणजे एकट्या लाडक्या सरांकडे 40 पत्रं आणि पीटीच्या सरांकडे शून्य असं होणार नाही. आणि एकच नियम ठेवा, पत्रात एक तरी खरी घडलेली गोष्ट पाहिजे. "तुम्ही खूप छान शिकवता" हे चालणार नाही. "प्रमेय कळलं नाही म्हणून मी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभा होतो तर तुम्ही अर्धा डबा झाकून ठेवलात आणि परत फळ्यावर काढून दाखवलंत" हे चालेल.

माझ्या कपाटात अशी एक फाइल आहे. त्यात एका मुलाचं पत्र आहे, तो बोलताना अडखळायचा, फार अडखळायचा. शाळा सोडून 12 वर्षं झाल्यावर त्याने लिहिलं की, बाई, हजेरी घेताना माझा नंबर आला की तुम्ही पेन खाली ठेवायचात आणि मी 'हजर' म्हणेपर्यंत माझ्याकडे बघत थांबायचात, पुढच्या नंबरला कधी गेला नाहीत, मला वर्गात तेवढा एकच शब्द बोलायचा असायचा आणि तो मी रोज पूर्ण बोललो. मला हे आठवतही नव्हतं गं. मी काही मुद्दाम ठरवून केलं नव्हतं. त्याने लिहिलं नसतं तर माझ्या हातून असं काही झालं होतं हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.

तुझं भाषणही असंच कर, तीन शिक्षक, तीन प्रसंग, चार मिनिटं. श्लोक नकोत. बोलताना समोर त्या सरांकडे बघ, माइककडे नको. आणि डायसचं म्हणशील तर ते संस्थेचं काम आहे, मुलांचं नाही.

प्रश्न : आमच्या मुख्याध्यापिका मॅडम खूप कडक आहेत, शाळेत कुणालाच आवडत नाहीत. त्या शिकवायला पण येत नाहीत, दिवसभर ऑफिसमध्ये असतात. पण माझं एनएमएमएस स्कॉलरशिपचं काम अडकलं होतं ते त्यांनी केलं, हे मला नंतर क्लार्क सरांकडून कळलं. मला त्यांना सांगायचंय पण केबिनमध्ये जायची हिंमत होत नाही, आणि मुलं म्हणतील चमचेगिरी करतो.
- इयत्ता दहावीचा विद्यार्थी, जिल्हा यवतमाळ

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कारण मुख्याध्यापकांबद्दल असं पत्र मला वर्षातून एखादंच येतं.

आधी तुला जे कळलं ते नीट समजून घे, म्हणजे तुला बोलायचं काय ते आपोआप सापडेल. एनएमएमएस म्हणजे आठवीत परीक्षा द्यायची आणि निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षाला 12,000 रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात. पण हे आपोआप होत नाही ना. दर वर्षी ऑनलाइन अर्ज भरायचा, मग तो शाळेच्या लॉगिनमधून तपासून पुढे पाठवायचा, नावात एक अक्षर इकडेतिकडे झालं, आधारवर वेगळं आणि शाळेत वेगळं, किंवा खातं आधारला जोडलेलं नाही, की अडकलं. आणि मुदत संपायच्या आत शाळेने व्हेरिफाय नाही केलं तर मुलगा कितीही हुशार असू दे, त्या वर्षाचे पैसे गेले. म्हणजे तुझे 12,000 रुपये त्या केबिनमध्ये कुणीतरी बसून वाचवले.

आणि हे एक झालं. यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची माहिती भरायची, संचमान्यतेसाठी पटसंख्या जुळवायची कारण त्यावर पुढच्या वर्षी किती शिक्षक मंजूर होणार ते ठरतं, पोषण आहाराची नोंद रोजच्या रोज, बोर्डाचे फॉर्म, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे आणि खेळाचे वाढीव गुण मिळावेत म्हणून प्रस्ताव वेळेत पाठवायचे. दहावीची प्रीलिस्ट तुमच्या सह्या घ्यायला वर्गात आली असेल बघ, त्यात तुझं नाव, आईचं नाव, विषय सगळं तपासून घेतात, ते का माहितीये? तिथे चूक राहिली की ती मार्कशीटवर येते आणि मग दुरुस्तीसाठी कागद घेऊन चकरा. चांगला मुख्याध्यापक असला की या चकरा तुमच्या वाट्याला येत नाहीत, आणि न आलेल्या चकरा कुणाला दिसत नाहीत. माझ्या शाळेतले आधीचे मुख्याध्यापक संध्याकाळी 7 पर्यंत बसायचे, आम्ही शिक्षकसुद्धा म्हणायचो काय करतात एवढं. मग ते आजारी पडले आणि दीड महिना तो चार्ज माझ्याकडे आला. तेव्हा कळलं काय करतात. मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं होतं, बरं झालं सांगितलं.

आता तुझं. शाळा सुटल्यावर जा, दारात उभं राहून "मॅडम, आत येऊ का" विचार आणि एवढंच बोल, "मॅडम, माझा स्कॉलरशिपचा फॉर्म तुम्ही पूर्ण केलात हे मला कळलं, पैसे जमा झाले, मी त्यातून अमुक घेतलं." काय घेतलं ते नक्की सांग. पुस्तकं असू दे, सायकल असू दे, घरात किराणा भरला असेल तर तेही सांग. आणि क्लार्क सरांनाही सांग, फॉर्म बहुतेक त्यांनीच बसून भरला असणार. चमचेगिरी म्हणजे काहीतरी मिळवायला केलेली स्तुती, तुला आता काही मिळवायचं नाहीये, तुला मिळालेलं आहे. हा फरक मुलांना समजावत बसू नकोस, तू जाऊन ये.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, गणितात दोनदा नापास झाला होता. त्याच्या सरांनी 4 महिने शाळा सुटल्यावर रोज थांबून त्याला आणि अजून 5-6 मुलांना शिकवलं, एक रुपया घेतला नाही. आम्हाला सरांना काहीतरी द्यायचंय. मिस्टर म्हणतात पाकिटात 5,000 घालून देऊ, मी म्हणते ड्रेसचं कापड आणि सरांच्या मिसेसना साडी. काय योग्य?
- एक आई, नाशिक

उत्तर : ताई, दोन्ही नको. तुमची भावना मला पूर्ण समजते, पण मुलगा अजून त्याच शाळेत आहे आणि पुढच्या वर्षी त्याचे पेपर कदाचित तेच सर तपासतील. पाकीट घेतलं तर सरांनी 4 महिने जे केलं त्याला किंमत चिकटते, आणि ते परत करायचं म्हटलं तर त्यांना तुमच्यापुढे संकोच. उरलेल्या 5-6 मुलांच्या आईवडिलांनाही मग वाटणार की आपणही द्यायला हवं होतं का.

तुम्ही एक अर्ज लिहा. हो, अर्जच. आपण पालक शाळेला कधी लिहितो, तर तक्रार असते तेव्हा, मग तो कागद आवक रजिस्टरला चढतो, त्याला नंबर पडतो आणि तो फाइलला लागतो. कौतुकाचा कागदही तसाच आवक होऊ दे की. "प्रति, मा. मुख्याध्यापक" असं लिहून सरांनी काय केलं ते तारखेसकट लिहा, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, किती मुलं, आधी किती मार्क होते आणि आता किती. एक प्रत शाळा समितीच्या अध्यक्षांना, एक संस्थेच्या सचिवांना, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. खासगी अनुदानित शाळांमध्ये 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे शिक्षकांचा दरवर्षी गोपनीय अहवाल लिहितात. तो लिहिणाऱ्याच्या समोर तुमचा कागद असू दे. उद्या सरांची वरिष्ठ श्रेणी असेल, पर्यवेक्षकपदाचा विषय निघेल, एखाद्या पुरस्काराचा प्रस्ताव करायचा असेल, राज्य शासनाचा शिक्षक पुरस्कार आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुलेंच्या नावाने दिला जातो, तर त्या प्रस्तावात शिक्षकांना स्वतःच स्वतःच्या कामाचे पुरावे गोळा करावे लागतात आणि चांगल्या शिक्षकांना नेमकं तेच जमत नाही. तुमचा अर्ज हा पुरावा आहे.

आणि मुलाला सांगा, युनिट टेस्टचा पेपर घेऊन सरांकडे जा आणि जे गणित आधी यायचं नाही ते त्यांच्यासमोर सोडवून दाखव. सरांसाठी याहून मोठं काही नसतं ताई, शिक्षक म्हणून सांगते.

प्रश्न : 5 सप्टेंबरला मला एका सरांबद्दल चांगलं बोलायला लावलं होतं, मी बोललो. त्या सरांनी मला आठवीत पूर्ण वर्गासमोर माझ्या कपड्यांवरून आणि वडिलांच्या कामावरून बोललं होतं. आता निरोपाला परत माझंच नाव दिलंय. मला त्यांच्याबद्दल काही वाटत नाही, मी वाईट आहे का?
- नाव नको

उत्तर : नाही. तू अजिबात वाईट नाहीस. जे झालं ते चुकीचं होतं, आणि नुसतं माझ्या मते नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मुलाला मारण्याबरोबरच मानसिक त्रास देण्यालाही बंदी आहे, आणि तू तेव्हा आठवीत होतास.

शिक्षक दिन डॉ. राधाकृष्णन यांच्या वाढदिवसाला असतो, 1962 पासून. ते राष्ट्रपती झाले तेव्हा वाढदिवस साजरा करायला आलेल्यांना त्यांनी सांगितलं की माझा करण्यापेक्षा तो शिक्षकांचा दिवस म्हणून पाळा. तो दिवस शिक्षकांच्या मानाचा आहे, पण मान कुणाकडून जबरदस्तीने घेता येत नाही रे, तो मिळवावा लागतो. मी शिक्षिका आहे म्हणूनच हे ठामपणे सांगतेय.

वर्गशिक्षकांना जाऊन सांग की मला या सरांवर बोलायचं नाही, कारण विचारलं आणि तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर "मला जमणार नाही" पुरे. शाळेत दुसरं कुणी असेल ज्यांनी त्या दिवसानंतर तुझी चौकशी केली, पाठीवर हात ठेवला, तर त्यांच्याबद्दल बोल. असं कुणीच नसेल तर बोलू नकोस, समारंभाला मित्रांसाठी जा. आणि घरी आईला किंवा वडिलांना हे एकदा सांग, दोन वर्षं तू एकट्याने वागवलंयस हे.

प्रश्न : सगळे सर-मॅडमना गिफ्ट देतात. खिचडी बनवणाऱ्या मावशी आणि शिपाई मामांना काही द्यायचं का?
- नववीतली मैत्रिणींची टोळी, कोल्हापूर

उत्तर : द्यायचं, आणि स्टेजवर बोलावून द्यायचं, शाळा सुटल्यावर मागच्या दाराने नाही. पाचवी ते आठवी मावशींच्या हातचं जेवलात तुम्ही. त्यांचं पूर्ण नाव माहितीये का? नसेल तर आधी विचारून घ्या आणि माइकवर आडनावासकट पुकारा.

तुम्ही कोल्हापूरकडच्या, सातारा काही लांब नाही, म्हणून एक आठवण करून देते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली हे सगळ्यांना पाठ असतं. पण साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना जेवायला धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, आणि सगळ्या जातिधर्मांच्या त्या मुलांना एका पंगतीत वाढलं. मुलं त्यांना वहिनी म्हणायची. एवढी मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली त्यात स्वयंपाकघराचा वाटा केवढा होता बघा. मावशींना एक चांगली शाल द्या, आणि मामांना विचारा की शाळेत किती वर्षं घंटा देताय, ते सांगतील तो आकडा सगळ्यांसमोर सांगा.

प्रश्न : नमस्कार बाई, मी 2003 च्या दहावी बॅचचा, आता टोरंटोला असतो. गावाकडच्या शाळेला लॅबसाठी आम्ही परदेशातले 7 जण मिळून पैसे पाठवणार आहोत. मुख्याध्यापक म्हणाले थेट पाठवू नका, अडचण होईल. खरंच असं असतं का? आणि दुसरं, आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर आता 81 वर्षांचे आहेत, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, कानाला ठीक आहे. मे महिन्यात येतोय, त्यांच्याकडे जायचंय पण त्यांना मी आठवेन असं वाटत नाही. मी मागच्या बाकावरचा होतो.
- माजी विद्यार्थी

उत्तर : पैशाचं आधी. तुमचे मुख्याध्यापक बरोबर सांगतायत आणि त्यांनी वेळेत थांबवलं याबद्दल त्यांचेही आभार माना. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी लागते आणि ते पैसे त्यासाठी दिल्लीला स्टेट बँकेत उघडलेल्या खात्यातच आधी यावे लागतात. इथे मेख अशी आहे की तुमच्या 7 जणांत ज्यांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलंय ते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी स्रोत धरले जातात. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे ते स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देऊ शकतात, ते परदेशी देणगीत मोजत नाहीत. म्हणून आधी 7 जणांची अशी विभागणी करा, सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून पाठवायचा शॉर्टकट नको, आणि संस्थेच्या सीएशी बोलून मगच पाठवा. संस्थेचं पत्र आणि पावती घ्या. आणि लॅब देताना एक करा, सायन्सच्या मॅडमना विचारून यादी करा. मी अशा देणग्या पाहिल्यात ज्यात भारी मायक्रोस्कोप आले आणि ते वर्षानुवर्षं कपाटात कुलपात राहिले कारण मोडला तर जबाबदारी कुणाची, आणि बिचाऱ्या मॅडमना हवं होतं सिंक आणि पाण्याचं कनेक्शन.

आता सरांचं. मेपर्यंत थांबू नका. 81 वर्षं आहे, आज फोन करा. मग मे महिन्यात जा.

आठवणार नाही याची भीती मनातून काढा. आमच्यासमोरून दर वर्षी दीडशे मुलं जातात, पुढच्या बाकावरचीही सगळी आठवत नाहीत. आठवत नाही म्हणून प्रेम नव्हतं असं नसतं हो. फक्त त्यांना "सर ओळखलंत का, सांगा मी कोण" असं कोड्यात टाकू नका, म्हाताऱ्या माणसाला ते फार लागतं, आपण विसरलो याची लाज वाटत राहते दिवसभर. आत गेल्या गेल्या स्वतःच सांगा, सर मी अमुक, 2003 ची बॅच, अमक्यांचा मुलगा, खिडकीजवळ शेवटच्या बाकावर बसायचो. गावाचं, वडिलांचं, भावाचं नाव सांगा, कुठला तरी धागा लागतोच.

मग एक पत्र लिहून न्या आणि ते वाचून दाखवा. 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर लिहिलेला निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला होता. त्या शाळेतली रोजची शिकवणी कशी चालायची ते आज आपण ऐकू शकत नाही, पण तिथे शिकून एक मुलगी काय लिहू शकली ते आजही वाचता येतं. तुमच्या सरांना आता दिसत नाही, म्हणजे त्यांनी शिकवलेला मुलगा काय लिहितो हे त्यांना ऐकूनच कळणार. त्यांनी इंग्रजी शिकवलं ना, मग चार ओळी इंग्रजीत पण लिहा, ते मनातल्या मनात व्याकरण तपासतील आणि चुकलात तर टोकतील, टोकू दे.

कानाला ठीक आहे म्हणालात तरी जरा जवळ बसा, सावकाश वाचा. वाचून झालं की कागद घडी करून त्यांच्या हातात द्या, आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की सरांनी परत मागितलं तर हे त्यांना वाचून दाखवा.